बदनाम प्रोफेसर, हजार रुपये आणि एक झोपडी: हिंगण्याच्या आश्रमाने पैसे उभे केले त्याची केस

मागच्या महिन्यात आमच्या संस्थेची मीटिंग झाली, विषय नेहमीचाच, म्हणजे पैसे संपत आलेत. नव्याने आलेल्या दोन मुलांनी मस्त प्रेझेंटेशन केलं, लोगो बदलूया, रील्स टाकूया, क्राउडफंडिंगच्या साइटवर कॅम्पेन लावूया वगैरे. माझा विरोध अजिबात नाही, पण मी देणग्यांचं रजिस्टर सांभाळते, म्हणून एकच विचारलं की गेल्या वर्षी ज्यांनी पैसे दिले त्यांच्यातल्या किती जणांना आपण नंतर एकदा तरी फोन केला? सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मग मी म्हटलं थांबा, एक केस, म्हणजे केस स्टडी, लिहून देते, जुनी आहे पण वाचा. ही तीच. वाढली आहे जरा, सांभाळून घ्या.

माणूस सगळ्यांना माहीत आहे, धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. आपण त्यांना भारतरत्न, स्त्रीशिक्षण, एकशे चार वर्षांचं आयुष्य असं शाळेच्या निबंधासारखं आठवतो. मला त्यात जास्त रस आहे तो पैशाच्या बाजूने. संस्था काढायची तर अण्णांच्या इतकी वाईट सुरुवात क्वचितच कुणाची झाली असेल.

१८९६ चं चित्र बघा. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, १८९१ पासून. पगार बेताचा, घरची श्रीमंती नाही, मूळ गाव कोकणातलं मुरूड. पहिली बायको गेल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाईशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं. पुढे त्याच आनंदीबाई उर्फ बाया कर्वे. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या, म्हणजे विधवांना शिकवणाऱ्या संस्थेतल्या. लग्न झालं आणि मुरुडाने वाळीत टाकलं. ज्या माणसाच्या पंगतीला बसायला लोक तयार नाहीत, तो माणूस दारोदार जाऊन म्हणणार की विधवांसाठी आश्रम काढतोय, पैसे द्या. आज आपण म्हणतो ना की आमच्या संस्थेला ब्रँड व्हॅल्यू नाही, इथे तर ब्रँड व्हॅल्यू शून्याच्याही खाली होती.

त्यात आणखी एक भानगड. त्याच १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात मोठं वादळ झालं होतं, मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप, केसरीने तो विषय लावून धरलेला, आणि रानडे-भांडारकरांसारखी माणसं सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. म्हणजे 'विधवांसाठी आश्रम' असं नुसतं म्हटलं तरी समोरच्याच्या मनात आधी संशय यायचा, दयामाया नंतर. देणगी मागणाऱ्याला ही गोष्ट कळायलाच हवी, आपण दारात पोचायच्या आधी आपल्याबद्दलचं कुणीतरी केलेलं मत तिथे पोचलेलं असतं.

अण्णांनी काय केलं, तर जून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पहिली देणगी स्वतःची, हजार रुपये. साठवलेले जवळजवळ सगळेच असावेत. अध्यक्ष केलं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना. हे जरा थांबून बघा, कारण मला ही चाल फार आवडते. तीनच वर्षांपूर्वी शारदा सदनातून बाहेर पडलेला, पुण्यात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा विद्वान माणूस जर या नव्या आश्रमाच्या डोक्यावर बसलाय, तर संशय घेणाऱ्याचं तोंड आपोआप निम्मं बंद होतं. आता आपण अध्यक्षपदासाठी सेलिब्रिटी शोधतो, फोटोला बरा दिसतो म्हणून, पण खरा प्रश्न असतो की आपल्यावर जो आरोप होणार आहे तो कुणाचं नाव बघून गप्प बसेल.

आणि हजार रुपयांचं म्हणाल तर मी वर्गणी मागायला जाते तेव्हा अजूनही पहिला प्रश्न हाच येतो, 'तुम्ही स्वतः किती घातलेत?' थेट नाही विचारत कुणी, फिरवून विचारतात. अण्णांना त्याचं उत्तर देता यायचं. इतकंच नाही तर आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. बाया भयंकर चिडल्या, मुलाबाळांचं काय म्हणून, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. संस्थापकाच्या त्यागाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो त्यात घरच्यांची सही घेतलेली नसते. आमच्याकडेच एकजण स्वतःचा पीएफ संस्थेत घालायला निघाला होता, आम्ही सगळ्यांनी मिळून अडवला.

आता खरी मार्केटिंगची गोष्ट. अण्णा मुळात विधवाविवाहाचे कार्यकर्ते. १८९३ च्या अखेरीस त्यासाठी मंडळी उभी केली, भाषणं दिली, फिरले. पण फिरता फिरता लक्षात आलं की पुनर्विवाह म्हटलं की माणूस दार लावून घेतो, आणि तोच माणूस 'विधवेला शिकवून तिच्या पायावर उभं करायचं' म्हटलं की निदान बसा तरी म्हणतो. घरात कुणाच्या बहीण असते, कुणाची सून, कुणाची आत्या, केशवपन केलेली, स्वयंपाकघराच्या अंधारात बसलेली, ती सगळ्यांनाच बोचत असते. तिचं लग्न लावा म्हटलं तर धर्म आडवा येतो, शिकवा म्हटलं तर फारसं काही आडवं येत नाही. मग अण्णांनी आश्रमाचं काम शिक्षणापुरतं ठेवलं आणि पुढे विधवाविवाहाच्या मंडळीच्या कामातून स्वतः बाजूला झाले, म्हणजे लोकांना दोन्हीची सरमिसळ वाटायला नको. स्वतः विधवेशी लग्न केलेला माणूस आश्रमात लग्नाचा प्रचार करत नाही! कट्टर सुधारकांना ते पटलं नाही, मला विचाराल तर पैशाच्या दृष्टीने हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

पण याची किंमत पण होती आणि ती लिहिली नाही तर केस खोटी होईल. देणगीदार बिचकू नयेत म्हणून सांभाळून चालायचं ठरवलं की ते सांभाळणं कुठे थांबवायचं ते कळत नाही. सुरुवातीच्या काळात आश्रम ब्राह्मण स्त्रियांपुरताच होता. विठ्ठल रामजी शिंदे त्यांची बहीण जनाक्का हिला घेऊन गेले तेव्हा तिला प्रवेश मिळाला नाही, शेवटी ती हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत गेली. पुढे महर्षी म्हणून ज्यांचं नाव झालं अशा दोन माणसांमधला हा प्रसंग आहे. देणगी देणारा वर्ग नाराज होईल या धास्तीपोटी दारात आलेल्या मुलीला परत पाठवायचं, हे आजही होतं, फक्त आता त्याला आपण 'आमच्या प्रोजेक्टच्या टार्गेट ग्रुपमध्ये बसत नाही' म्हणतो. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या, पैशात तर हे रोजचं आहे, कंपनी म्हणते अमुकच तालुका, अमुकच वयाची मुलं, आणि शेजारच्या वाडीतली पोरं कुंपणाबाहेरून बघत बसतात.

तर आश्रम आधी पुण्यात भाड्याच्या जागेत. मग प्लेग. गावात राहणं अशक्य झालं, आणि रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली, वर झोपडी बांधायला पैसे दिले. १९०० साली आश्रम तिकडे हलला. आजचं कर्वेनगर ते, आता तिथे सिग्नलला दहा मिनिटं जातात, तेव्हा तिथे रान, ओढा आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे, आश्रमाला लागणारं सामान स्वतः उचलून न्यायचे. ती झोपडी अजून जपून ठेवली आहे, पुण्यात असाल तर बघून या, आमच्या त्या दोन मुलांना पण मी घेऊन जाणार आहे.

आता हे चालणं म्हणजे फंडरेजिंग आहे का? माझ्या मते आहे, सगळ्यात भारी. कारण ते मुद्दाम दाखवायला केलेलं नव्हतं आणि तरी सगळ्या पुण्याला दिसत होतं. रोज त्याच रस्त्याने चिखल तुडवत जाणारा प्रोफेसर बघितला की 'पैसे खातील' हा संशय टिकणार तरी कसा. आज आपण फील्डवरचे फोटो टाकतो, मुलांचे रडके चेहरे, फाटके कपडे, आणि लोक स्क्रोल करून पुढे जातात. काम करणारा माणूस रोज दिसावा लागतो, आणि कामाशिवायच्या दिवशीही तसाच दिसावा लागतो.

कॉलेजला सुट्टी लागली की अण्णा गावोगाव निघायचे. सुट्टी म्हणजे वर्गणीचा सीझन. आणे-दोन आणे देणाराही चालायचा, आणि हिशेब चोख. हे 'चोख' प्रकरण सांगायला कंटाळवाणं आहे पण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय म्हणून सांगते. एखाद्याने तुम्हाला पाचशे रुपये दिले आणि तुम्ही त्याला पावती दिली नाही, तर तो तुम्हाला काही बोलणार नाही, रागावणार पण नाही, फक्त पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही. आता यूपीआयने पैसे येतात, क्यूआर कोड चिकटवला की झालं असं वाटतं, पण बँकेच्या स्टेटमेंटला नुसतं एक अर्धवट नाव आणि लांबलचक नंबर येतो, हा माणूस कोण, कुठला, पॅन काय, काही पत्ता नसतो, आणि मग मे अखेरपर्यंत आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरायचं असतं तेव्हा रात्री जागून शोधाशोध. ज्याचा पत्ताच नाही त्याला अहवाल कुठे पाठवणार? क्यूआरच्या शेजारी 'पैसे पाठवल्यावर या नंबरला नाव कळवा' एवढी एक ओळ छापायला आम्हाला दोन वर्षं लागली, काय सांगू.

अण्णांच्या बरोबरीने मागायला उभी राहिलेली दुसरी व्यक्ती म्हणजे पार्वतीबाई आठवले. बायांची बहीण, स्वतः तरुणपणी विधवा झालेली, पदरात मुलगा, अक्षरओळख सुद्धा उशिरा झालेली. शिकून आश्रमात काम करायला लागल्या आणि मग आश्रमासाठी भाषणं देत, वर्गणी गोळा करत फिरायला लागल्या. त्या काळी विधवा बाई सभेत उभी राहून बोलते हेच लोकांना नवल. आणि त्या बोलायच्या ते स्वतःबद्दल, ऐकलेलं पढवलेलं नाही. १९१८ मध्ये ही बाई जेमतेम इंग्रजीच्या जोरावर अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली, इंग्रजी शिकली, आश्रमासाठी पैसे मिळवायची खटपट केली, आणि १९२० मध्ये परत आली. मला यातून कळतं ते असं की ज्या बाईचं आयुष्य संस्थेमुळे पालटलं तीच जेव्हा तुमच्या वतीने मागते तेव्हा वेगळ्या 'सक्सेस स्टोरी'च्या व्हिडिओची गरज पडत नाही. अर्थात तिला स्वतःला ते सांगायचं असेल तर. आमच्याकडे एकदा एका मुलीला देणगीदारांसमोर बोलायला उभं केलं, ती बिचारी अर्ध्यात रडायला लागली, पैसे भरपूर जमले, आणि ती परत कधी संस्थेत आली नाही. ती रक्कम रजिस्टरला दिसली की मला अजून कसंतरी होतं.

१९१५ च्या सुमाराला अण्णांच्या हातात जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि त्यांनी मोठी उडी घ्यायची ठरवली, भारतात महिला विद्यापीठ. १९१६ मध्ये ते सुरू झालं, कॉलेजात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, सरकारी मान्यता नाही, शिकवायचं मातृभाषेतून. इथे पैशाची रचना बघण्यासारखी आहे, दरवर्षी ठरलेली छोटी वर्गणी भरणारे ते मतदार, आणि त्यांनी सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, माणसं निवडून द्यायची. म्हणजे देणगीदाराला नुसती पावती नाही तर मत. अण्णा देशभर फिरून हे वर्गणीदार जमवत होते. गांधीजींकडे गेले, गांधीजींना इंग्रजी या विषयाची सक्ती मान्य नव्हती, तसं त्यांनी सांगितलंही, तरी वर्षाला दहा रुपये द्यायचं कबूल केलं. पटत नसलेल्या माणसाकडून दहा रुपये दरसाल! आपण 'नाही' ऐकलं की यादीतून नाव कापतो. खरंतर मतभेद सांगूनही पैसे देणारा माणूस सोन्याचा असतो, त्याने तुमचं काम नीट वाचलेलं असतं.

मग १९२० ला आला मोठा देणगीदार. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी. जगप्रवासात जपानचं ते विद्यापीठ प्रत्यक्ष बघून आले आणि पंधरा लाख रुपये जाहीर केले, व्याजच वर्षाला साडेबावन्न हजार. अट अशी की विद्यापीठाला आईचं नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, आणि पुढे मुख्य ठाणं मुंबईला. आज एसएनडीटी म्हणतो ते हेच. बाकी लोकांच्या दहा-दहा रुपयांच्या वर्गण्यांसमोर ही रक्कम कशी दिसली असेल याचा विचार करा. मीटिंगला पेढे वाटले असतील नक्की.

पण १९२२ मध्ये विठ्ठलदास वारले. नंतर त्यांच्या विश्वस्तांशी अटींवरून वाद झाला, व्याजाचा हप्ता अडकला, समेट व्हायला बराच काळ गेला, आणि १९३६ ला ठाणं मुंबईला गेलं. ज्या अण्णांनी हिंगण्याचा चिखल तुडवला त्यांचं विद्यापीठ पुण्यातून हललं. विठ्ठलदासांना दोष द्यायचा नाही, त्यांच्याशिवाय विद्यापीठ टिकलंच नसतं बहुतेक. पण एका माणसाच्या पैशावर उभं राहायचं तर तो माणूस गेल्यावर त्याच्या जागी कोण बसणार आहे हेही कागदावर बघावं लागतं. आमचा एक मोठा देणगीदार होता, कंपनीत साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी झाडं लावायचं ठरवलं. आमचं काम झाडांचं नाही. झालं, तीन शिक्षकांचा पगार एका मेलमध्ये गेला.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. साधारण त्याच सुमाराला, १९२० च्या आसपास, तिकडे हिंगण्याच्या आश्रमात एक साधी कल्पना निघाली, भाऊबीज निधी. दिवाळीत भाऊबीजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी घालता ना, तशीच एक ओवाळणी आश्रमातल्या बहिणीसाठी काढा. कार्यकर्ते पावतीपुस्तकं घेऊन आपापल्या ओळखीत फिरायचे, रक्कम छोटी, दिवाळीच्या आसपास, दरवर्षी. आणि हे शंभर वर्षं होऊन गेली तरी चालू आहे. कुठल्या क्राउडफंडिंग कॅम्पेनचं आयुष्य शंभर वर्षांचं असेल सांगा.

का चाललं असावं, माझे अंदाज सांगते. एक तर मागण्याला निमित्त लागतं, आणि हे निमित्त कॅलेंडरवर आधीच छापलेलं आहे, लक्षात ठेवायला वेगळी जाहिरात नको. दुसरं, माणूस दिवाळीत खर्चाच्या मूडमध्ये असतो, बोनस आलेला असतो, खिशाकडे हात सहज जातो. पण मुख्य म्हणजे शब्द. 'विधवांना मदत' म्हटलं की देणारा वर आणि घेणारी खाली. 'भाऊबीज' म्हटलं की देणारा भाऊ होतो, आणि भावाने ओवाळणी घातली तर ते काही उपकार नसतात, तो बहिणीचा हक्कच असतो, उलट नाही घातली तर त्याचीच लाज. ज्या विधवेला शुभकार्यात पुढे येऊ देत नव्हते तिला ओवाळणाऱ्या बहिणीच्या जागी नेऊन बसवलं, एका शब्दात. सुधारणेवर भाषणं देऊन जे होत नव्हतं ते पावतीपुस्तकावरच्या एका शब्दाने थोडंफार झालं असेल असं मला वाटतं. टॅगलाइनवाल्यांनी असं काही करून दाखवावं.

आणि पावती फाडणारा ओळखीचा, हे विसरू नका. शेजारच्या काकू, ऑफिसातले जोशी, दरवर्षी तेच. काकू आल्या नाहीत तर लोक उलट विचारतात, यंदा आल्या नाहीत का? आमच्याकडे आतापर्यंत मार्च महिन्यात 'टॅक्स वाचवा' असा मेसेज जायचा, ८०जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सूट म्हणून. आता नवी कररचना घेतलेल्यांना ती सूट मिळतच नाही, त्यामुळे तो मेसेज निम्म्या लोकांच्या कामाचा राहिला नाही. खरं म्हणजे तो कधीच फार कामाचा नव्हता, टॅक्ससाठी दोन हजार देणारा माणूस टॅक्सचं गणित बदललं की जातो.

केसचा शेवट कुठे करावा मला कळेना, कारण अण्णा काही थांबतच नाहीत. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची ओळख करून द्यायला जगाच्या प्रवासाला निघाले, नंतर आफ्रिकेत जाऊन तिथल्या भारतीय लोकांकडून वर्गणी गोळा केली. १९३६ ला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं. सत्तर रुपये पेन्शन, त्यातले महिना पंधरा रुपये आधी स्वतःचे घातले आणि मग इतरांकडे मागायला पुण्यात फिरले. चाळीस वर्षांनंतर परत पहिल्या पायरीवर, परत स्वतःची पावती क्रमांक एक.

आमच्याकडे लोगोचा विषय पुढच्या मीटिंगला ढकललाय. तोपर्यंत रजिस्टरमधली गेल्या तीन वर्षांची नावं सगळ्यांनी वाटून घेतलीत, प्रत्येकाने फोन करायचा, पैसे मागायचे नाहीत, त्यांच्या पैशाचं काय झालं तेवढंच सांगायचं. माझ्या वाट्याला 'क' ते 'ज' आलंय, त्यात कुलकर्णी, गायकवाड आणि जाधव ढीगभर आहेत, निम्म्यांचे नंबर बंद आहेत, आणि काल एका आजोबांनी फोन उचलून पहिलंच वाक्य टाकलं, 'पावती तर तुम्ही दिलीच नाहीत अजून.' तेरा महिने झाले होते. आज पोस्टात टाकून आले.